नाट्यगृहाची कडी

थंडी पडली म्हणून धुळ्याच्या घरी स्वेटर काढले आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी रशियातलं ते नाट्यगृह आठवलं. नरडाण्याचा मिलिंद आणि मी तिथे डॉक्टरकी शिकत होतो. रविवारी दुपारी आम्ही स्वस्त तिकिटात संगीत ऐकायला जायचो. तिथे प्रेक्षकांचे डांबरगोळ्यांच्या वासाचे कोट सांभाळणारी नीनाआजी आम्हाला भिंतीतली भोकं दाखवायची. दुसऱ्या महायुद्धात छतावर बॉम्ब पडले तेव्हा वादक तळघरात बसून वाजवत राहिले, असं सांगायची.

एका रविवारी नाट्यगृहाच्या दारासमोरच, परदेशी दिसला की मारणाऱ्या चार तरुणांनी आम्हाला गाठलं. पहिल्याच ठोशात माझा ओठ फाटला. मिलिंद मध्ये पडला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "तू पय, मी येस." तू पळ, मी येतो.

मी आत पळालो आणि कडी घातली. मिलिंद बाहेरून दारावर हात आपटत होता. त्याच्या डोक्यात बसणाऱ्या लाथा मला लाकडातून ऐकू येत होत्या. तरी माझा हात कडीकडे गेला नाही.

आजीने मला ढकललं, कडी काढली आणि बर्फ फोडायची पहार घेऊन ती बाहेर गेली. एकाचं मनगट तिने मोडलं, तसे बाकीचे पळाले. मिलिंदच्या डाव्या कानातून बर्फावर रक्त वाहत होतं.

कोवळं वय, भीती वाटणारच, असं तेव्हा मी मनाला समजावलं. आज माझी मुलगी त्याच वयाची आहे आणि ती सबब मला पुरत नाही.

परवा मिलिंद घरी आला. माझ्या मुलीला म्हणाला, "तुना बापनी दार उघाडं, म्हनीसन मी वाचनू."

मग ऐकू येणारा उजवा कान त्याने माझ्याकडे वळवला. मी म्हणालो, "चहा घे."