दौलतरावांनी छाटलेली पात

अर्धं आयुष्य चाकणच्या मातीत कांदा पिकवलेल्या माणसाला पातीबद्दल शिकवायला जाऊ नये, एवढं मी दौलतरावांच्या शेजारी राहून शिकलोय. त्यांची जमीन कारखान्यांत गेली, बंगला झाला, हात मात्र रिकामे राहिले. सून विजयश्री लातूरकडची, सासऱ्यांशी कामापुरतंच बोलायची. तिने गच्चीवर चाइव्हज नावाच्या विलायती पातीचं बी पेरलं. दिसायला हुबेहूब कांद्याचं रोप, पण हे गड्डा धरत नाही, नुसती पात देतं. पहिल्या खेपेला बी उगवलंच नाही. दुसऱ्या खेपेला उगवलं, तेव्हा तिने घरातल्या सगळ्यांना वर बोलावून दाखवलं.

माहेरी जाताना ती सासऱ्यांना म्हणाली, "दादा, एवढं सांभाळाल?" सुनेने पहिल्यांदाच काही सोपवलं होतं. गडी हुरळून गेला.

नुसतं पाणी घालून स्वस्थ बसतील तर ते दौलतराव कसले. रोप वीतभर झालेलं दिसताच त्यांनी इतकी वर्षं कांद्याच्या रोपाला केलं तेच केलं. रोपं उपटली, विळ्याने शेंडे छाटले आणि एकेक करून मोठ्या कुंड्यांत लावली. मग मला कौतुकाने वर नेलं.

"उन्हाळ्यात गड्डा बघा, राव."

मी बियांचं पाकीट वाचलं. "अहो, याला गड्डा नसतो. पातच खातात."

"मंग मी छाटलं काय?"

"पीक."

"पोरीनं इश्वासानं दिलं व्हतं," दौलतराव म्हणाले. पुढे ते गच्चीवर फिरकलेच नाहीत. पाणी घालायचं काम आलं माझ्या गळ्यात. रोपांनी जीव धरलाय, असं मी रोज सांगायचो, पण त्यांना पटेल तर शपथ.

विजयश्री आली ती थेट गच्चीवर. दौलतराव गच्चीच्या दारातच थांबले.

"सूनबाई, माझ्या हातनं नुकसान झालं. शेंडे छाटले मी."

ती वाकून बघत राहिली. कापलेल्या टोकांमधून नवी पात वर आली होती.

"नुकसान कसलं, दादा? ही कापूनच घ्यायची असते, परत फुटते. मलाच कात्री लावायचा धीर होत नव्हता."

दौलतरावांनी एवढा लांब श्वास सोडला की मला हसू आलं. खरं सांगतो, माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. विजयश्रीने पाकीट त्यांच्या हातात दिलं. "उरलेलं बी आता तुम्हीच टाका."

त्यांनी ते खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

"टाकतो. पन छाटायच्या आधी तुला इचारीन."