फ्रॉकची दुमड

नातीचा शाळेचा फ्रॉक मी दोन वर्षांच्या बेतानं शिवायची. घेर खाली दुमडून हातानं टाके घालायचे, पोरगी वाढली की दुमड सोडायची. वरून इस्त्री फिरवली की झाला नवा फ्रॉक.

ती अकरा महिन्यांची असताना मुलानं अन् सुनेनं तिला अकोल्याला आमच्याजवळ आणून ठेवलं. पुण्यात दोघांच्या नोकऱ्या. तेव्हापासून सात वर्षं, पडली तरी आजी, रडली तरी आजी. माझे गुडघे गेले. चिडायची मी, धपाटेही घालायची तिला. पण ‘घेऊन जा तुमची पोरगी’ असं एकदा तोंडातून निघालं असेल तर शप्पथ.

एप्रिलच्या शेवटी मुलगा गाडी घेऊन आला. म्हणाला, “आई, पंधरा दिवस नेतो तिले. सुट्टीच हाये.” मी मोजून पंधरा दिवसांचे कपडे भरले. पंधराचे तीस झाले, तिसाचे पंचेचाळीस. फोन केला की, “येतो ना आई, चार दिवसांनी.” मीही म्हटलं, असू दे. आमच्याकडे उन्हापायी शाळा जून संपता संपता उघडते. पुण्याच्या शाळा आधीच सुरू होतात, हे काय मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! पण डोक्यातच आलं नाही माझ्या.

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी मी फ्रॉक काढला. तिसरीत जाणार, बोटभर तरी वाढली असेल. अर्धी दुमड सोडली, अर्धी पुढच्या वर्षाला ठेवली. सुईचं नाक मला आता दिसत नाही. आमचे हे समोरच बसले होते, पेपर घेऊन. “आण इकडं,” म्हणाले अन् दोरा ओवून दिला. वरून सांगितलं, “टाके पक्के घाल. लय धावते ते पोरगी.”

दुसऱ्या दिवशी पोरगी आली नव्हती, तरी पुस्तकं घ्यायला मी शाळेत गेले. तिथला बाबू म्हणाला, “आजी, तिचा दाखला तर एप्रिलमध्येच नेला ना! आजोबांनीच सही केली.” रजिस्टर फिरवून दाखवलं त्यानं. सही यांचीच होती, खाली रेघ अन् दोन टिंबं.

घरी येऊन चप्पलही काढली नाही मी. “तुमाले माहीत होतं?”

“पोरगा म्हणे, आईले सांगू नका. तू पाठवलीच नसती.”

“नसतीच पाठवली! पण पोटभर जवळ तं घेतलं असतं तिले. सांगितलं तं असतं, की बाई, आता तू तिथंच राहणार.”

“मायबाप हायेत ते तिचे.”

“मंग मी कोण? पाळणाघरवाली?”

मला रडू आलं नाही, संताप आला. पोटच्या पोरानं फसवलं, ते मी एक वेळ गिळलं असतं. लेकरू त्याचं होतं. पण चाळीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, तो माणूस दोन महिने पोटात ठेवून माझ्यासमोर जेवत होता.

“मंग काल सुई कशाले ओवून दिली मले?” मी विचारलं.

त्यांनी पेपर उचलला.

फ्रॉक अजून कपाटात आहे. आता सुई ओवायची असली की मी शेजारणीकडे जाते.