कोपऱ्यातला हत्ती

डाव रंगात आला की अण्णा मध्येच हात वर करायचे आणि म्हणायचे, "मोहरे उचल."

मग आम्ही पटावरचे हत्ती, घोडे, उंट, वजीर उचलून सुपारीच्या टोपलीत ठेवायचो. कोण कुठल्या घरात होतं ते मला लक्षात ठेवावं लागे, कारण नंतर सगळं परत मांडायचं असे. पटावर उरत दोन राजे आणि प्यादी. अण्णा गुडघ्यावर हनुवटी टेकून बराच वेळ बघत बसत.

"आता सांग. शेजार कुणाला आहे नि कुणाला नाही?"

अण्णा म्हणजे माझे वडील. दिवेआगरला आमची लहानशी वाडी आहे, खाली पोफळी, वर नारळ. आई मी कॉलेजात असताना गेली. मी लग्न केलं नाही. गावाजवळच्या शाळेत ग्रंथालय सांभाळते, आणि गेल्या मार्गशीर्षापर्यंत रोज संध्याकाळी शिंपणं आटोपल्यावर ओटीवर अण्णांशी बुद्धिबळ खेळत असे.

प्याद्यांबद्दल अण्णा जे बोलत ते वाडीतून आलेलं होतं. पोफळ दाटीत वाढते. आजूबाजूची झाडं गेली आणि ती उघडी पडली, की पश्चिमेच्या उन्हानं तिचं खोड एका अंगानं करपतं, तिथे चीर पडते, आणि एखाद्या पावसाळ्यात ती त्याच जागी मोडते. मागे आलेल्या मोठ्या वादळात आमच्या वाडीची समुद्राकडची सगळी बाजू झोपली. मधूनमधून एकेक पोफळ तेवढी उभी राहिली. त्या उरलेल्यांच्या खोडांना अण्णांनी माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत झावळ्या गुंडाळल्या. मी सुंभ देत होते. काम करता करता ते म्हणाले, "बघ, हे तुझं मधलं प्यादं."

आदल्या दिवशीच्या डावात माझ्या एका प्याद्याच्या दोन्ही बाजूंची प्यादी मी मारामारीत घालवली होती. त्याला जोर द्यायला दुसरं प्यादं उरलं नव्हतं. हत्ती आणि घोडा त्याची राखण करत बसले, आणि डाव गेला.

"म्हणजे एकटं प्यादं वाईटच?" मी विचारलं.

"असं कुठं म्हटलं मी? त्याच्या दोन्ही अंगाला वाटा मोकळ्या असतात. तुझे हत्ती तिथनं धावतील. पण त्याच्यापुढच्या घरात कुणी येऊन बसला, की संपलं. मग राखत बस जन्मभर."

अण्णा देशी पद्धतीनं खेळायला शिकले होते. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होतं. घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट, कोपऱ्यात हत्ती. वजीर हवा असेल तर प्यादं मधल्या दोन घरांपैकी एकात न्यावं लागतं. मी शाळेतून बुद्धिबळाचं पुस्तक आणलं तेव्हा त्यांनी दोन घरांची चाल मान्य केली, किल्लेकोटही मान्य केला. प्याद्याचा कुठल्याही घरात वजीर होतो, हे मात्र नाही.

"कोपऱ्यात वजीर कसा होईल गो? कोपरा हत्तीचा."

"अण्णा, जगभर होतो."

"जगाला सांग, आमच्याकडे ये नि बघ."

त्यामुळे आमच्या घरी प्याद्यानं मारायचं असेल तर शक्यतो मधल्या घरांकडे मारायची सवय होती. मध्याकडे मारलं तर पुढे वजीर मिळण्याची आशा. पुढे मी पुस्तकातला प्याद्यांच्या रचनेचा धडा वाचला. तिथेही तेच लिहिलं होतं, प्याद्यानं मध्याकडे मारावं. कारण वेगळं दिलं होतं, की मधली घरं ताब्यात राहतात. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते नुसते हं म्हणाले आणि पानाला चुना लावत राहिले.

अण्णा गेल्यावर दोन महिने मी पट उघडला नाही. मग मोबाइलवर खेळू लागले. समोर कोण आहे ते कळत नसे. डाव संपला की तो माणूस निघून जाई. मी बऱ्याचदा हरत होते. मोहरे उचलून बघायची सोय मोबाइलमध्ये नव्हती, म्हणून मी शेजारी पट ठेवून त्यावर फक्त प्यादी मांडू लागले. हरण्याचं प्रमाण कमी झालं. पण हे सांगणार कुणाला? ओटीवर बसून मी एकटीच प्यादी बघत असे, आणि वाडीतून झावळ पडल्याचा आवाज आला की मान वर होत असे.

त्यातून स्पर्धेचं डोक्यात आलं. मुरुडला रविवारी एका दिवसाची, पाच फेऱ्यांची स्पर्धा होती. अण्णा आयुष्यात कधी कुठल्या स्पर्धेत खेळले नव्हते, मीही नाही. मला तिथे एकच डाव जिंकायचा होता. अण्णांनी शिकवलेलं आमच्या ओटीपुरतं होतं, की बाहेरच्या, सराव केलेल्या माणसासमोरही टिकणारं होतं, एवढं मला जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या कशानं ते कळलं नसतं.

दिघीहून बोटीनं आगरदांड्याला उतरले, तिथून एस.टी.नं मुरुड. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये लांब टेबलं लावली होती. बरीचशी मुलं, त्यांचे पालक, काही मोठी माणसं. माझ्या वयाची बाई मी एकटीच. नाव नोंदवताना टेबलावरच्या माणसानं विचारलं, "मुलाचं वय किती?"

"मीच खेळणार आहे," मी म्हटलं.

पहिले चार डाव मी हरले. घड्याळ ही नवी गोष्ट होती. चाल झाली की बटण दाबायचं, ते मी विसरत होते, आणि माझा वेळ जात होता. पाचव्या फेरीत समोर उरणहून आलेले एक गृहस्थ बसले. बंदरात ट्रकच्या गेटवर कामाला होते. सोबत थर्मास होता.

"ताई, च्या घेनार? नको? बरं. पन मला हरवलंत तर नंतर च्या तुमची."

डाव सुरू झाला. पांढरे मोहरे माझे होते. वजीर लवकर मारले गेले. दहाबारा चालींनंतर मी डोळे मिटून मोहरे उचलले, मनातल्या मनात टोपलीत टाकले आणि नुसती प्यादी पाहिली. त्यांचं एक प्यादं मध्यभागी एकटं होतं. शेजारी कुणी नाही. मी त्याच्यापुढच्या घरात घोडा नेऊन बसवला आणि तो हलवलाच नाही.

"हा घोडा काय इथंच र्‍हानार हाय का?" ते म्हणाले.

त्यांचा हत्ती राखणीला आला, मग उंट आला. माझे हत्ती मोकळ्या वाटेनं आत गेले. ते प्यादं पडलं. मग मारामारी होत होत शेवटी माझं एक प्यादं डाव्या कडेनं सुटलं आणि त्यांचं एक उजव्या कडेनं. त्यांचा राजा त्यांच्या प्याद्यासोबत माझ्या कोपऱ्याजवळ पोचला होता, माझा राजा दूर होता. पण माझं प्यादं एक चाल पुढे होतं.

ते शेवटच्या घरात पोचलं. मी ते उचललं, बाजूला मारून ठेवलेल्या मोहऱ्यांतून हत्ती घेतला, कोपऱ्यात ठेवला आणि बटण दाबलं. या खेपेला बटण विसरले नाही.

समोरचे गृहस्थ पटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"ताई, हत्ती?"

तेव्हा मला दिसलं. त्या घरात वजीर असता तर तिरक्या रेषेत थेट त्यांच्या राजाला शह होता, आणि डाव माझा होता. मोबाइलवर प्यादं पोचलं की वजीर आपोआप होतो, हातानं काही ठेवावं लागत नाही. हातानं मी फक्त अण्णांसमोरच ठेवत आले होते.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पंच पलीकडच्या टेबलावर होते. ते हळू आवाजात म्हणाले, "वजीर ठेवा गुपचूप. मी काय बोलनार न्हाय. अशी जिंकायची मजा न्हाय मला."

वजीर माझ्या कोपरापाशीच पडला होता. हात तिकडे गेलाही. पण चाल झाली होती, घड्याळ चालू होतं. अण्णांच्या समोर मोहऱ्यावरून हात सुटल्यावर मी कधी चाल परत घेतली नव्हती, आणि मला जिंकून जे जाणून घ्यायचं होतं ते अशा जिंकण्यानं कळलं नसतं.

"राहू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे कोपऱ्यात हत्तीच होतो."

"आँ? जुनी पद्धत? आमचा आजा खेलायचा तसं." ते हसले आणि त्यांनी प्यादं पुढे सरकवलं. मी हत्ती त्या प्याद्याच्या उभ्या ओळीत नेला. त्यांचं प्यादं वजीर झालं, माझ्या हत्तीनं तो मारला, त्यांच्या राजानं हत्ती मारला. पटावर दोनच राजे उरले. बरोबरी.

उठताना ते म्हणाले, "तो घोडा मात्र वाईट बसवलात हो. जीव नको केला माझा. कुनाकडं शिकलात?"

"वडलांकडे."

"त्यांना सांगा मग." आणि थर्मास उचलून ते निकाल बघायला गेले.

परतीच्या बोटीत वर बसायला जागा होती. ही चूक ऐकून ज्यानं गुडघ्यावर थाप मारून हसायला हवं होतं, आणि मग "म्हणजे जगाचं चुकतंय" असं म्हणायला हवं होतं, तो माणूस नव्हता. दुसऱ्या कुणाला सांगायची तर आधी देशी पद्धत समजवावी लागली असती, मग अण्णा समजवावे लागले असते. मी दिघीपर्यंत पाण्याकडे बघत आले.

आता पावसाळ्यानंतर अलिबागला एक स्पर्धा आहे. नीट खेळायचं तर हाताला वळण लावावं लागेल, म्हणून रोज संध्याकाळी शेवटच्या ओळीत एकेक प्यादं नेते, उचलते आणि त्याच्या जागी वजीर ठेवते. घोड्याच्या घरात वजीर. उंटाच्या घरात वजीर. उजव्या कोपऱ्यातही जमायला लागलंय. डावा कोपरा मी अजून केलेला नाही. तिथे परवापासून हत्ती ठेवलेला आहे. पट पुसताना तेवढा उचलते, आणि पुन्हा तिथेच ठेवते.