सातवी शिफारस

भिवंडीतल्या मागांवर कुणालाच दुखापत होत नाही, हा शोध आम्ही तीन विद्यार्थिनींनी लावला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुंबईत डॉक्टरकी शिकत होतो आणि सरांनी ‘यंत्रमाग कामगारांच्या दुखापती व प्रतिबंध’ असा भारदस्त विषय आमच्या गळ्यात मारला होता. मी भिवंडीला लागून असलेल्या शेलारची, म्हणून कारखाना शोधणं माझ्याकडे, चहा माझ्या घरचा आणि हिंडणंही मलाच. बाकी दोघींकडे अक्षर चांगलं होतं.

फॉर्मवर प्रश्न होता, ‘दुखापतीमुळे किती दिवस गैरहजर?’ सगळ्यांचं उत्तर शून्य. सर खूश झाले. मला मात्र पटेना, कारण शून्य सांगणाऱ्यांपैकी एकाच्या हाताला तीनच बोटं होती.

शेवटी मला एका चाचांनी शहाणं केलं. ते यूपीचे, वीस वर्षं त्याच कारखान्यात चार माग चालवत होते. “गैरहजर कोण राहणार, बेटी? मी पडलो तर माझ्या जागी भतीजा उभा राहतो. लूम चालू है ना, मग आदमी हाजिर.” तिथली रीतच ती. माणूस पडला की गावाकडचा कुणीतरी बदली यायचा आणि शेटच्या वहीत एक दिवसही कोरा राहायचा नाही.

मग हळूच त्यांनी उजव्या डोळ्याचं सांगितलं. मागात सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा टोकदार धोटा उडून डोळ्यावर बसला होता. तीन आठवडे भतीजा उभा राहिला, चाचा परत आले, डोळा काही परत आला नाही. सुतावर बोट ठेवून आणि मागाचा आवाज ऐकून ते काम निभावत होते. “लिख लो. पण शेटला कळलं तर मला काढेल.” मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. अहवालात त्यांना ‘कामगार क्रमांक पाच’ केलं आणि स्वतःच्या सचोटीवर दोन दिवस खूश राहिले.

शिफारशी सहा झाल्या. धोटा अडवायला जाळी, दोन मागांत अंतर, चांगला उजेड वगैरे. सर म्हणाले, “सहा बरं दिसत नाही. पान भरत नाही. अजून एक टाका.” मी टाकली: कामगारांची दरवर्षी नेत्रतपासणी.

अहवालाच्या समारंभाला शेटच प्रमुख पाहुणे. शाल-श्रीफळ घेऊन त्यांनी सुरक्षेवर अर्धा तास भाषण केलं. जाळीला खर्च होता, अंतर ठेवायला जागा नव्हती, दिवे लावले तर बिल वाढलं असतं. सातवी शिफारस फुकट होती, कारण तपासायला आम्हीच होतो. पुढच्याच आठवड्यात कारखान्यात शिबिर लागलं.

तक्ता धरायला मी. एकेक डोळा झाकायचा आणि अक्षराचं तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. सर खुर्चीत बसून लिहीत होते, शेजारी शेट. चाचांनी उजवा डोळा झाकला, सगळं बरोबर दाखवलं. सर मान खाली घालूनच म्हणाले, “आता दुसरा.” चाचांनी हात बदलला आणि पुन्हा उजवाच डोळा झाकला. माझ्याकडे बघून किंचित हसले.

वर्गात चूक दिसली की सगळ्यांआधी हात वर करायची मला खोड होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, यांनी तोच डोळा झाकलाय.”

सरांनी मान वर केली. “शाब्बास, बारीक लक्ष आहे.” शेटचंही बारीक लक्ष होतं.

दुसऱ्या दिवसापासून चारही मागांवर भतीजा कायमचा लागला. माफी मागायला मी चाचांच्या खोलीवर गेले, तर ते गावी जायची पेटी बांधत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तेज नजर है बेटी, खूप मोठी डॉक्टर होशील.” ते टोमणा मारत नव्हते.