बुधाजीआबांची फाइल उघडत नाही

बुधाजीआबा गेले. त्यांचं पुस्तक त्यांच्या आधीच गेलं होतं, आणि ते मी घालवलं.

आज दहावा झाला. आत्ताच आंदर मावळातून परत आलेय. दुकानात बसलेय, शटर अर्धं खाली. आज गिऱ्हाईक नकोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माझं कामशेतला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव. बावीस वर्षं हेच.

आबा आंदर मावळातल्या एका वरच्या वाडीतले. थोडा भात, चार गुरं. पण गुरांच्या दुखण्यातला माणूस.

कुठल्या दुखण्याला कुठला पाला, कुठल्या झाडाची साल, किती द्यायची आणि कधी मुळीच द्यायची नाही, सगळं तोंडपाठ. लिहिता मात्र येत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी खाली उतरायचे. माझ्या स्टुलावर बसून सांगायचे, मी टाइप करायचे. तीन वर्षं चाललं हे.

"हळू सांगा आबा."

"म्या हळूच सांगतुय. तुजं बोट पळंना, त्याला मी काय करू?"

तळेगावचे एक जनावरांचे डॉक्टर यात लक्ष घालून होते. पाल्यांची शास्त्रीय नावं टाकून नीट पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. एकदा दुकानात आले.

"ताई, सगळी फाइल मला द्या. ओपन फॉरमॅटमध्ये सेव्ह करून द्या, ओडीटी चालेल. म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल. तुमच्या या सॉफ्टवेअरचा काय भरवसा?"

मी म्हणाले, "प्रिंट देते. फाइल आम्ही देत नाही."

डीटीपीवाले मित्र हे वाचून मान डोलावतील. आपल्या धंद्याची रीतच ती. कागद द्यायचा, ज्यात बदल करता येतो ती फाइल द्यायची नाही. दिली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

माझं सॉफ्टवेअर जुनं, खास मराठीसाठी घेतलेलं. त्याची फाइल फक्त त्याच्यातच उघडायची. मला ते सोयीचंच वाटायचं. माणूस फिरून फिरून माझ्याच दारात.

मजकूर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढायची सोय त्यात होती. दोन मिनिटांचं काम. डॉक्टर गेल्यावर तरी करून ठेवायला हवं होतं.

नाही केलं.

मग मशीन गेलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी गाशा गुंडाळलेला. नव्या मशीनवर ते चढेचना.

आबांची फाइल पेनड्राइव्हवर अजून धडधाकट आहे. दुसऱ्या कशातही उघडली की चौकोन. पानंच्या पानं नुसते चौकोन.

पुण्यात दोघांना दाखवली. एकाने डोकं खाजवलं. दुसरा म्हणाला, "मॅडम, हा फॉरमॅट त्यांचा त्यांनाच ठाऊक. त्यांनी कुठे लिहूनच ठेवलेलं नाही."

प्रिंट? डॉक्टरांना दिलेली सुरुवातीची अकरा पानं. बाकीचं पुस्तक पुरं झालं की एकदम काढू, असं मीच म्हणाले होते.

आबांना सांगताना मी रडले.

आबा म्हणाले, "आगं, माज्या डोस्क्यात हाय की समदं. पुन्यांदा सांगतो. त्यात काय एवढं?"

आणि खरंच आले. ऐन लग्नसराईत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"पुढच्या बाजाराला या ना आबा."

पुढच्या बाजारालाही आले. मी पुन्हा तेच म्हणाले. आबा "बरं" म्हणाले, काठी घेतली आणि जीप गाठायला निघाले.

त्यानंतर त्यांना उतरणं झालं नाही. मी वर जाऊ शकले असते, स्कूटर दारातच असते. आज जाते, उद्या जाते, करत राहिले. दीड वर्ष.

आज विधी आटोपले आणि वाडीतली एक मावशी लगबगीने माझ्याकडे आली.

"तूच ना गं ती कंपूटरवाली? माजी गाय काल राती व्याली, आजून वार पडंना. आबा काय द्यायचं, तेवडं बगून सांग की."

"मावशी, माझ्याकडे नाही हो ते."

"आसं कसं? आबाच तर म्हनायचं. आमी इचारायचो, आबा, तुमच्या मागं आमच्या गुरांचं कसं? तर म्हनायचं, काळजी करू नगा. कामशेतच्या पोरीकडं समदं नीट ठिवलंय."

मी विचारलं, "हे कधी म्हणाले होते?"

"आगं, कवा म्हंजी? जायच्या आदल्या दिशीबी म्हनलं की."

रेंज शोधत टेकाडावर गेले, डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच वाडीत पोचले. गाय बरी आहे, असा आत्ताच मेसेज आला.

आबांनी वाडीत कुणाला कळूच दिलं नाही. माझ्यावर रागवायचं सोडून शेवटपर्यंत माझी अब्रू राखली.

म्हणून मीच सांगतेय, इथे, सगळ्यांसमोर. वाडीला वाटतंय तसं काही माझ्याकडे नाही. उरलेली अकरा पानं डॉक्टरांकडच्या प्रिंटवरून पुन्हा टाइप केली होती, ती आज ओडीटी करून कॉमेंटमध्ये टाकलीत. कुणीही घ्या, कुठेही उघडा. परवानगी मागू नका.

आणि वाडीतल्या कुणाला आबांनी सांगितलेला एखादा पाला, एखादी साल आठवत असेल तर मला कळवा. मी वर येईन लिहून घ्यायला. आता खरंच येईन.

आबा, दुसऱ्यांच्या माणसांसाठी भावपूर्ण श्रद्धांजली मी रोज टाइप करते. तुमच्यासाठी हात चालत नाही.

उद्या वाडीत जाऊन मावशीला खरं काय ते सांगणार आहे. ती मला काय बोलेल ते ऐकून घेईन. तुम्ही तर काहीच बोलला नाहीत.

नमस्कार करते, आबा.