सांबऱ्याहून अर्धा तास

आकारामअण्णा बोलायच्या आधी खाकरायचा, मग डावा हात आडवा धरून हवेत पुढं ढकलायचा आणि मगच म्हणायचा, "सांबरं? ह्ये काय, अर्ध्या तासावर हाय की!"

उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरतं. उतरण्याआधी ते डोक्यावर एक घिरटी घालतं. तेवढ्यात धावपट्टीवरची म्हसरं हाकलायची, ही अण्णाची नोकरी. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून एका कारखानदाराचं छोटं विमान इथं यायचं. त्याच्या पायलटानं एकदा सांगितलं, "सांबरा? आधा घंटा." झालं! अण्णानं तो अर्धा तास खाकी डगल्यासारखा गावभर मिरवला.

लेकीला, बनाला, सांबऱ्याचं स्थळ आलं तेव्हा बायको बयाबाई रडायला बसली. "सत्तर मैल लांब, कानडी मुलूख. एकुलती एक पोर माजी."

"अगं येडे, तुज्या म्हायारापरास जवळ! तुला बैलगाडीनं दीस लागतोय का न्हाय?"

बना गेली. वर्षात तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिला आणायला कुणीतरी जायला हवं. अण्णा कुठला जातोय! त्यानं पायलटाला गाठलं. "सायेब, येताना आमच्या लेकीला घिऊन येशीला?"

पायलट चष्मा पुसत हसला. "क्यूं नहीं? तुम्हारी बेटी, हमारी बेटी!"

गुंडू न्हावी म्हणाला, "अण्णा, गप यष्टीनं आण पोरगीला."

"पोटुशीला यष्टीचं धक्कं? तू डोकी भादर."

कारखानदारसाहेबाच्या विमानाचा नेम नव्हता. आठवा महिना सरला. नववा लागल्यावर कळलं, सोमवारी येणार. अण्णानं सांबऱ्याला निरोप धाडला: सकाळधरनं इमानतळाच्या कुंपणापाशी उभी ऱ्हा.

सोमवारी बयाबाई लेकीवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी. घरघर आली. अण्णा "हैक! हैक!" करत म्हसरांमागं असा पळाला, की डगल्याचं एक बटण तुटून पडलं. दार उघडलं. साहेब उतरला. मडम उतरली. मडमेमागनं एक पांढरं कुत्रं उतरलं.

अण्णानं आत डोकं घातलं. "बना कुटं हाय?"

"कौन बना?" पायलटाला आठवायलाच वेळ लागला. "अरे अण्णा, वो तो मजाक था!"

बयाबाईचा हात तसाच वर राहिला होता. कुत्र्यानं उडी मारून भाकरतुकडा पळवला. "टॉमी! छी, डर्टी!" मडम किंचाळली.

दोघं तशीच यष्टीच्या अड्ड्यावर गेली. बेळगावात रात्र काढली, दुसऱ्या दिवशी सांबऱ्याला पोचली. उंबऱ्यातच विहीणबाई उभी, कमरेवर हात, नाकातनं आवाज.

"एन्री पावणं! अर्ध्या तासात आलासा व्हय?"

अण्णा खाकरला. हात मात्र उचलला नाही.

आत बना भिंतीकडं तोंड करून पडली होती. शेजारी पाळणा नव्हता. उन्हात उभ्याउभ्याच तिला कळा आल्या, घरी आणेपर्यंत उशीर झाला. पोर रडलंच नाही.

बयाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बना आईशीच बोलली, बापाकडं न बघता.

"इमान समोरनं गेलं, आई. यष्टीला करत्यात तसा हात बी केला मी."