विहीणबाईंचे गजगे

सुनेला सातवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला घाटाचा प्रवास साफ बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी, कोल्हापूरकडच्या खेड्यात व्हायचं ठरलं होतं. ते राहिलं. मग माहेरच आमच्याकडे आलं. एक दिवस विहीणबाई ज्वारीच्या पिठाचा डबा आणि कांदा-लसूण चटणीची भली मोठी बरणी घेऊन रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरल्या.

आमची ओळख लग्नापुरतीच होती आणि ते लग्नही काही सुखासुखी ठरलेलं नव्हतं. जात वेगळी, मुलूख वेगळा. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांकडून समतेवर निबंध लिहून घेतले. पण माझ्याच मुलाने मुलगी सांगितली तेव्हा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. विहीणबाईंना हे कळलं असेल का, ही रुखरुख मला त्या आल्यापासून लागली होती.

पहिला आठवडा स्वयंपाकघरात अवघडून गेला. त्यांनी आमटी चाखली, भाजी चाखली आणि सावकाश म्हणाल्या, "आमटीत नारळ, भाजीत नारळ. आमच्याकडं नारळ देवापुढं फोडत्यात." मी हसले, पण मनात टोचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी केलेला रस्सा मी चमचाभर घेतला आणि तांब्याभर पाणी प्यायले. त्याही हसल्या. दोघी सारख्याच सभ्य. दुपारी सून आडवी झाली की मी पेपर उघडायची आणि त्या पडवीत बसून नारळी-पोफळीच्या आगराकडे बघत राहायच्या. बोलायला काही नसायचं.

त्या कंटाळल्यात हे आमच्या यांच्या लक्षात आलं. एका रविवारी मुलगा घरी सुनेपाशी थांबला आणि यांनी आम्हा दोघींना आरे-वारेच्या किनाऱ्यावर नेलं. विहीणबाई समुद्रापासून चांगली पन्नास पावलं लांब उभ्या राहिल्या. "दिसतंय की हितनं," म्हणाल्या. पुढे यायला काही तयार होईनात. शेवटी आम्ही परत निघालो.

थोडं अंतर गेल्यावर त्या मागच्या सीटवरून एकदम ओरडल्या, "थांबा, थांबा! गाडी थांबवा!"

यांनी घाबरून ब्रेक मारला. विहीणबाई दार उघडून उतरल्या आणि रस्त्याकडेच्या काटेरी जाळीत हात घालू लागल्या. मी मागोमाग धावले. जाळीला तपकिरी, काटेरी शेंगा लोंबत होत्या. त्यांनी एक उकलली आणि तळहातावर दोन करडे, गुळगुळीत गोटे धरले.

"गजगं!"

"हे सागरगोटे," मी म्हटलं.

"गजगं म्हणत्यात ह्यास्नी."

"आमच्याकडे उगवतात, म्हणजे नाव आमचंच."

"उगवू द्या हितं. खेळायला येतंय का तुम्हास्नी?"

त्यांच्या मनगटावर काट्याचा लांब ओरखडा उठला होता, पण डोळे चौथीतल्या मुलीसारखे चमकत होते. मीही पदर खोचला. घरी आलो तेव्हा दोघींचे हात ओरबाडलेले आणि रुमालात गोट्यांची पुरचुंडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेच्या खाटेशेजारी सतरंजी पसरून आम्ही बसलो. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन. वर उडवलेला खाली यायच्या आत झेलायचा. पहिल्याच डावाला भांडण. आमच्याकडे उचलताना शेजारच्या गोट्याला धक्का लागला की बाद. त्यांच्याकडे धक्का माफ. त्या ऐकेनात, मी ऐकेना. अखेर सुनेने झोपल्या झोपल्या निकाल दिला, "एक डाव कोल्हापूरचा, एक रत्नागिरीचा. आणि आई, सासूबाईंवर ओरडू नकोस."

"मी कुठं वरडतीया? त्याच बाद झाल्यात आन् कबूल करंनात!"

त्यानंतर आमची एकही दुपार मोकळी गेली नाही. माझे गुडघे कुरकुरले तर आम्ही खाटेवर खेळायचो. हात गुंतलेले असले की बोलणं आपोआप सुटतं. सासुरवास, नवऱ्यांच्या खोडी, एकेक गोष्ट निघत गेली. एकदा गोटे गोळा करता करता त्या खाली बघून म्हणाल्या, "खरं सांगू? माझ्या पोरीला तुम्ही देवघरात येऊ देतासा का न्हाई, ते बघायलाच आल्ते मी."

मी हातातला गोटा उडवलाच नाही. म्हटलं, "मग मीही खरं सांगते. तुमची मुलगी नको म्हणून मी दोन दिवस लेकाशी अबोला धरला होता."

त्या म्हणाल्या, "दोनच? आमच्या मालकांनी पंधरा दिस धरल्ता." आणि अशा हसल्या की सून दचकून उठली. मी हसले आणि रडलेही. त्यांनी गोटे माझ्यापुढे सारले. "घ्या. डाव तुमचा हाय."

एका सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मुलगा येरझाऱ्या घालत होता. आम्ही दोघी बाकावर. बराच वेळ गेला. विहीणबाईंनी कनवटीची पुरचुंडी काढली आणि आमच्या दोघींच्या मधे बाकावर पाच गोटे टाकले. पण दोघींचं लक्ष आतल्या दाराकडे, एकही झेल धड होईना. गोटे खाली पडून टणाटण उडाले आणि नर्स बाहेर आली.

"काकू, हा दवाखाना आहे!"

आम्ही ओशाळून गोटे वेचायला वाकलो. तिनेही वाकून एक वेचून दिला आणि हळूच म्हणाली, "मुलगी झालीय. दोघी सुखरूप आहेत."

विहीणबाईंनी मला मिठी मारली. लग्नात आम्ही रीतीप्रमाणे एकमेकींची ओटी भरली होती. गळ्यात पडलो ते पहिल्यांदाच.

नात नऊ महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन आम्ही सगळे विहीणबाईंच्या गावी गेलो. चहा व्हायच्या आधीच शेजारच्या सात-आठ बायका अंगणात जमल्या. त्या बाळाला बघायला आल्यात, असं मला वाटलं. त्यांतली सगळ्यात म्हातारी, पाठीत वाकलेली बाई माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "रत्नागिरीची विहीण ती हीच व्हय? बसा की. धक्का माफ हाय हितं."

मी तीनही डाव हरले. नात विहीणबाईंच्या मांडीवर बसून टाळ्या पिटत होती. कुणाच्या बाजूने, ते काही कळलं नाही.